फिल्म आणि डिजिटल सेन्सर : छायाचित्राच्या दर्जाची तुलना

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूरला राजधानीचा दर्जा मिळाला. याच सुमारास देशभरातील वृत्तपत्र-छायाचित्रकारांच्या हातातील कॅमेरे बदलू लागले होते. फिल्मचे रोल मागे पडत होते आणि डिजिटल कॅमेरे येत होते. परिणामी या तरुण राज्याचा चित्रसंग्रह दोन भागांत विभागला गेला आहे. राज्यनिर्मितीपूर्वीची छायाचित्रे जवळपास सर्वच्या सर्व फिल्मवर आहेत, तर त्या दशकाच्या अखेरीनंतरची बहुतेक डिजिटल सेन्सरवर टिपलेली आहेत. मधल्या काही वर्षांत दोन्हींची सरमिसळ आढळते.

या दोहोंपैकी सरस कोण, हा त्या काळी छायाचित्रकारांच्या वादाचा आवडता विषय होता. आता बाजारपेठेपुरता तो वाद संपला आहे. मात्र प्रश्न संपलेला नाही. घराघरांतील आणि कार्यालयांतील जुन्या निगेटिव्ह जपून ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात, त्या स्कॅन करायच्या तर किती बारकाव्याने, आणि जुन्या डिजिटल फाइलमधून मोठे प्रिंट मिळेल का, या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. रायपूर हे त्या दृष्टीने तपासणीचे चांगले ठिकाण आहे. येथे मे महिन्यात पारा अनेकदा ४४ ते ४५ अंशांवर जातो, ऊन प्रखर असते, आणि त्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो. फिल्म असो वा सेन्सर, दोघांचीही कसोटी पाहणारे हे हवामान आहे.

प्रकाशाची नोंद होते कशी?

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या संयुगाचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे रसायनात धुताना काळ्या चांदीत रूपांतर होते. रंगीत फिल्ममध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी वेगवेगळे थर एकावर एक रचलेले असतात. चांदी शेवटी धुऊन काढली जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्य उरते.

डिजिटल सेन्सरमध्ये सिलिकॉनच्या पृष्ठभागावर लक्षावधी कप्पे असतात. प्रकाश पडला की प्रत्येक कप्प्यात विद्युत्‌भार साठतो आणि तो मोजून त्याचा अंक केला जातो. या तंत्राची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडीपासून झाली. त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. कोडॅक कंपनीचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा त्याच्या चित्रात केवळ दहा हजार बिंदू होते आणि ते कॅसेटवर उतरवण्यास २३ सेकंद लागत. पुढे याच बदलाने कोडॅकचा फिल्मचा व्यवसाय बुडाला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. भारतात उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि 'इंदू' या नावाने फिल्म विकणाऱ्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सार्वजनिक उद्योगाचाही शेवट कारखाना बंद होण्यात झाला.

बारकाव्यांचा हिशेब

दर्जाची चर्चा बहुधा मेगापिक्सेलपासून सुरू होते, म्हणून तो हिशेब आधी मांडणे इष्ट ठरेल. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. त्याच आकाराच्या सेन्सरला फुल फ्रेम म्हणतात. अशा सेन्सरवर २४ मेगापिक्सेल, म्हणजे आडवे ६,००० आणि उभे ४,००० बिंदू असल्यास दर मिलिमीटरला सुमारे १६७ बिंदू येतात. एक काळी आणि एक पांढरी रेघ वेगळी दिसण्यास किमान दोन बिंदू लागतात. म्हणजे हा सेन्सर दर मिलिमीटरला जास्तीत जास्त ८३ रेघजोड्या दाखवू शकतो.

फुजीच्या वेल्व्हिया ५० या प्रसिद्ध स्लाइड फिल्मसाठी कंपनीने दिलेले आकडे दोन आहेत. काळ्या-पांढऱ्यातील फरक अतितीव्र असेल तर दर मिलिमीटरला १६० रेघजोड्या, आणि फरक मंद असेल तर ८०. फिल्मचे समर्थक पहिला आकडा सांगतात आणि डिजिटलचे समर्थक दुसरा. प्रत्यक्ष जगात झाडाची पाने, चेहऱ्यावरील सुरकुत्या, विटांचा पोत यांतील फरक बहुतांशी मंदच असतो. त्यामुळे दुसरा आकडा अधिक उपयोगाचा आहे असे म्हणावे लागेल. त्यातही लेन्सचा दर्जा, हाताचा कंप आणि फोकसची चूक यांमुळे दोन्ही माध्यमांत बरेच काही हरवते.

याचा अर्थ असा की मंद गतीची उत्तम फिल्म, उत्तम लेन्स आणि तिवई असेल तर ३५ मिलिमीटरची चौकट आजच्या २० ते २४ मेगापिक्सेलच्या आसपास येते. घरगुती वापरातील ४०० आयएसओच्या रंगीत फिल्मची मजल मात्र याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच जाते. जुन्या स्टुडिओंची गोष्ट वेगळी. तेथे १२० क्रमांकाचा रोल वापरून ६ बाय ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह काढली जाई. तिचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक असते. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या समूहचित्राची निगेटिव्ह आजच्या बहुतेक मोबाइलच्या चित्रापेक्षा अधिक तपशील दाखवते, यात आश्चर्य नाही. मोबाइलच्या जाहिरातीत १०८ किंवा २०० मेगापिक्सेल लिहिलेले असले, तरी बहुतेक मोबाइलचा सेन्सर ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या एक दशांशाहूनही लहान असतो.

सिरपूरचे ऊन आणि गाभारा

रेघजोड्यांपेक्षा महत्त्वाचा, पण कमी चर्चिला जाणारा मुद्दा उजेड आणि अंधार एकाच चित्रात सामावण्याचा आहे. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर येथे लक्ष्मण मंदिर आहे. सातव्या शतकातील हे विटांचे मंदिर राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ उभारले. दुपारी त्याच्या लाल विटांवर थेट ऊन असते आणि दगडी द्वारशाखेच्या आत गाभाऱ्यात काळोख. डोळ्याला दोन्ही दिसते. कॅमेऱ्याला ते एका चित्रात आणणे कठीण जाते.

छायाचित्रकार हा पल्ला 'स्टॉप'मध्ये मोजतात. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. स्लाइड फिल्मचा पल्ला पाच ते सहा स्टॉपचा, म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भागात साधारण ६४ पटींपर्यंत फरक सामावणारा. रंगीत निगेटिव्ह दहा-बारा स्टॉप सांभाळते. आजच्या चांगल्या फुल फ्रेम सेन्सरचा मोजलेला पल्ला १४ स्टॉपच्या जवळ जातो, म्हणजे सोळा हजार पटींचा फरक. केवळ आकडा पाहिला तर सेन्सर पुढे आहे.

परंतु दोघांच्या चुका वेगवेगळ्या बाजूला होतात. निगेटिव्हवर प्रकाश वाढत गेला की काळेपणा वाढण्याचा वेग हळूहळू मंदावतो. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्येच ही वक्ररेषा आखून दाखवली होती. त्यामुळे दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश पडला तरी पांढऱ्या धोतराच्या चुण्या आणि चुना दिलेल्या भिंतीचा पोत निगेटिव्हमध्ये शिल्लक असतो. सेन्सर मात्र सरळ रेषेत मोजतो. कप्पा भरला की भरला, त्यापुढील सर्व काही कोरे पांढरे. तो तपशील कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही. उलट अंधाराच्या बाजूला सेन्सरची ताकद विलक्षण आहे. काळ्या दिसणाऱ्या गाभाऱ्यातून दोन-तीन स्टॉप उचलून मूर्तीचा आकार बाहेर काढता येतो. त्याच ठिकाणी कमी प्रकाश पडलेली फिल्म पूर्ण पारदर्शक असते आणि तिच्यात उचलण्यासारखे काहीच नसते.

जुन्या छायाचित्रकारांचा 'सावलीसाठी मोजा' हा नियम आणि आजचा 'उजेड सांभाळा' हा सल्ला परस्परविरोधी वाटतात, त्याचे कारण हे. फिल्मवर हात बसलेले अनेकजण डिजिटलकडे वळले तेव्हा सुरुवातीला त्यांचे आकाश पांढरे फट्ट येत असे. दोष सेन्सरचा जितका होता, तितकाच सवयीचाही.

रवा आणि 'नॉइज'

येथे भाषेची एक अडचण नमूद करायला हवी. फिल्मवरील 'ग्रेन'ला मराठीत रवा किंवा दाणे म्हणता येते आणि ते चपखल बसते. सेन्सरवरील 'नॉइज'चा शब्दशः अनुवाद 'गोंगाट' होतो. चित्रातील गोंगाट हा शब्द वाचकाला बुचकळ्यात पाडणारा आहे. व्यवहारात दोन्हींना 'दाणे आलेत' असेच म्हटले जाते, आणि बातमीचा अनुवाद करताना तोच शब्द बरा वाटतो. मात्र त्यामुळे दोन भिन्न गोष्टी एक होतात. रवा हा चित्राचा पदार्थच आहे, चित्र त्यानेच बनलेले असते. नॉइज ही मोजमापातील अनिश्चितता आहे, आणि प्रकाश जितका कमी तितकी ती अधिक जाणवते.

रायपुरात गणेश विसर्जनाच्या निमित्ताने रात्रभर झाँक्यांची मिरवणूक निघते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये रात्रीच्या अशा मिरवणुकांची जुनी चित्रे असतील, तर ती पाहण्यासारखी ठरतात. फ्लॅशच्या टप्प्यातील दोन चेहरे लख्ख, आणि मागे सगळा काळोख. ४०० आयएसओची फिल्म रसायनात जास्त वेळ ठेवून १६०० पर्यंत ताणता येई, पण रवा जाड होई आणि सावल्या भरून जात. आजचा सेन्सर ६४०० आयएसओवर तेच दृश्य दिव्यांच्या रंगांसह आणि फ्लॅशशिवाय टिपतो. कमी प्रकाशाच्या बाबतीत फिल्म आणि सेन्सर यांच्यात स्पर्धाच उरलेली नाही.

खगोलशास्त्रज्ञांनी हा निकाल १९८० च्या दशकातच दिला होता. फोटोग्राफिक प्लेट आपल्यावर पडलेल्या प्रकाशकणांपैकी शेकडा एक-दोनच नोंदवते, सीसीडी अर्ध्याहून अधिक. शिवाय दीर्घ वेळ उघडी ठेवलेली फिल्म उत्तरोत्तर मंद होत जाते, सेन्सरला हा दोष नाही. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवली येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यावर फिल्म लावण्याचा विचारही कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

कोशाच्या साडीवरील नसलेली नक्षी

जेथे फिल्म अजूनही निर्विवाद वरचढ ठरते, असे एक उदाहरण छत्तीसगडच्या मातीतलेच आहे. चांपा आणि कोरबा परिसरातील कोसा रेशमाचे विणकाम बारीक आणि नियमित असते. सेन्सरवरील कप्पेही तितकेच नियमित रांगांत असतात. या दोन जाळ्या एकमेकांवर पडल्या की चित्रात लहरींची, कधी इंद्रधनुषी पट्ट्यांची नक्षी उमटते. साडीवर ती नसतेच. यास मॉयरे म्हणतात. फिल्मचा रवा अस्ताव्यस्त विखुरलेला असल्याने तेथे अशी जाळी जुळत नाही.

रंगांचाही यात भाग आहे. फिल्मच्या प्रत्येक बिंदूवर तिन्ही रंगांचे थर असतात. सेन्सरवर मात्र कोडॅकचेच ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली रंगीत गाळणी असते आणि प्रत्येक कप्पा एकच रंग मोजतो. २४ मेगापिक्सेलपैकी १२ हिरवे, सहा लाल आणि सहा निळे. उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो, कोशाच्या विणीवर मात्र फसतो. त्यावर उपाय म्हणून अनेक वर्षे सेन्सरपुढे चित्र किंचित धूसर करणारी काच बसवली जाई. २०१२ नंतर अनेक कंपन्यांनी अधिक रेखीव चित्रासाठी ती काढून टाकली. त्यामुळे साड्यांच्या छायाचित्रणात हा त्रास पुन्हा डोके वर काढतो.

उन्हाळ्याचा परिणाम

फिल्मचा दर्जा डब्यावर लिहिलेला नसे, तो धुलाईत ठरत असे. कृष्णधवल फिल्म धुण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस मानले जाते. रायपूरच्या मे महिन्यात नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम असते. अशा पाण्यात जिलेटिन फुगते, रवा जाडा होतो आणि थंड-गरम पाण्याचा झटका बसला तर थराला बारीक सुरकुत्या पडतात. म्हणूनच उष्ण प्रदेशातील डार्करूममध्ये रसायनाची भांडी बर्फात ठेवण्याची आणि जिलेटिन फुगू नये म्हणून रसायनात सोडियम सल्फेट मिसळण्याची पद्धत होती. तेव्हा प्रयोगशाळेतील रेघजोड्यांचा आकडा आणि रायपूरच्या एखाद्या लग्नाच्या अल्बममधील चित्र यांत अंतर पडणे स्वाभाविक आहे.

सेन्सरही उष्णतेपासून मुक्त नाही. प्रकाश नसतानाही त्यात थोडा विद्युत्‌भार गळत असतो. तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की तो साधारण दुप्पट होतो. दीर्घ एक्स्पोजरच्या चित्रात तो पांढऱ्या-रंगीत ठिपक्यांच्या रूपाने दिसतो, आणि भर उन्हात चित्रफीत घेताना काही कॅमेरे तापून बंद पडतात. मात्र हा दोष त्या क्षणापुरता असतो. फिल्मच्या बाबतीत उष्णता वर्षानुवर्षे आपले काम करत राहते.

मधली काही वर्षे

निकॉनने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या डी-१ या कॅमेऱ्याच्या चित्रात सुमारे २७ लाख बिंदू होते. वृत्तपत्रांनी तो प्रकार उचलून धरला, त्याचे कारण दर्जा हे नव्हते. वृत्तपत्राच्या कागदावर दर इंचाला २०० बिंदू पुरतात. या हिशेबाने त्या कॅमेऱ्याचे चित्र दहा इंच रुंद छापता येई, म्हणजे अनेक स्तंभ व्यापूनही पुरून उरे. रोल धुण्याचा तास-दीड तास वाचे आणि चित्र दूरध्वनीच्या तारेवरून पाठवता येई. दर्जा 'पुरेसा' असणे हेच निर्णायक ठरले.

पण जे वृत्तपत्राला पुरेसे होते, ते संग्रहाला पुरेसे आहेच असे नाही. १९९५ मध्ये चांगल्या फिल्मवर काढलेल्या चित्राची निगेटिव्ह आज ४,००० डीपीआयने स्कॅन केली तर सुमारे २१ मेगापिक्सेलची फाइल मिळते. २००१ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले चित्र मात्र दोन-तीन मेगापिक्सेलचेच राहणार. त्यातही बहुतेक फाइल जेपेग स्वरूपात आवळून ठेवलेल्या असल्याने प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ छटा उरतात. आजचा कॅमेरा रॉ स्वरूपात १६ हजारांहून अधिक छटा नोंदवतो. छत्तीसगडच्या स्थापनेनंतरची पहिली पाच-सहा वर्षे ही अशी आहेत की, चित्रांची संख्या एकाएकी वाढली आणि प्रत्येक चित्रातील तपशील मात्र घटला. नव्या राज्याच्या पहिल्या घडामोडींचे भिंतभर प्रिंट करू पाहणाऱ्यास त्याआधीच्या दशकातील फिल्म अधिक उपयोगी पडेल.

चलच्चित्राबाबतही हेच. छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट 'कहि देबे संदेस' मनू नायक यांनी १९६५ मध्ये कृष्णधवल फिल्मवर पूर्ण केला. अशा चित्रपटाचे पुढे काय होईल, हे मूळ फिल्म कोणत्या अवस्थेत आहे यावरच ठरते. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत देशातील जुन्या चित्रपटांचे ४के रूपात अंकीकरण हाती घेण्यात आले, ते शक्य झाले ते फिल्ममध्ये तेवढा तपशील शिल्लक असल्यामुळे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म संस्थेच्या आवारातील गोदामाला आग लागून नायट्रेट फिल्मची अनेक जुनी रिळे नष्ट झाली. त्यांच्या बाबतीत कोणतेही स्कॅनर आता कामाचे नाही.

घरातील निगेटिव्हचे काय करावे?

प्रिंट जपले आणि निगेटिव्ह फेकल्या, असे अनेक घरांत झाले आहे. वास्तविक पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटमध्ये निगेटिव्हमधील तपशिलाचा लहानसा अंशच उतरतो आणि उजेडाच्या बाजूचा बराचसा पल्ला कापला जातो. जपायची तर निगेटिव्ह आधी.

ॲसिटेट फिल्म उष्ण आणि दमट जागी विघटित होऊ लागते. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास येणे हे त्याचे लक्षण आहे. अशी निगेटिव्ह इतरांपासून लगेच वेगळी ठेवावी, कारण तिची आम्लवाफ शेजारच्या पट्ट्यांनाही लागते. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढते आणि ती थर खाते. तो भाग कायमचा गेला असे समजावे. लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा किंवा माळा ही रायपूर-नागपूरच्या हवेत सर्वांत वाईट जागा आहे. घरातील थंड खोली, आम्लरहित कागदाची किंवा पॉलिएथिलीनची पाकिटे, हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी एवढे साधे उपाय बराच काळ टिकवतात. सिलिका जेल दर पावसाळ्यात बदलावे किंवा तापवून कोरडे करावे.

स्कॅनिंगच्या बाबतीत काचेवर कागद ठेवून वापरण्याच्या साध्या स्कॅनरवर ४,८०० डीपीआय लिहिलेले असले, तरी प्रत्यक्ष तपशील त्याच्या निम्म्याहून कमी मिळतो. ३५ मिलिमीटरसाठी खास फिल्म स्कॅनर किंवा मॅक्रो लेन्स लावलेला २४ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा आणि खाली समान उजेड देणारी पांढरी पेटी हा मार्ग चांगला. जेपेगऐवजी १६ बिटची टिफ फाइल ठेवावी. इन्फ्रारेड किरणांनी धूळ आणि ओरखडे पुसणारी सोय रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते. कृष्णधवल फिल्मवर मात्र ती बंद ठेवावी लागते, कारण तेथील चांदी हे किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच ओरखडा समजते. तेथे हवेचा फुगा, मऊ कुंचला आणि वेळ, एवढीच साधने आहेत.